पथनाट्य नंतर करा, आधी कार्डं मागा

मुंबईतल्या मानखुर्दच्या एका वस्तीत बालवाडी चालवणाऱ्या कार्यकर्तीचा प्रश्न आहे. लस फुकट मिळते, हेल्थ पोस्ट (पालिकेचं वस्तीतलं आरोग्य केंद्र) चालत दहा मिनिटांवर आहे, आरोग्य सेविका दारोदार फिरतात, तरी आमच्याकडच्या बऱ्याच मुलांची लसीकरणाची कार्डं अर्धवट का? लोकांचा विरोध आहे का? संस्थेकडे थोडा निधी आलाय, त्यातून पथनाट्य आणि मशिदीतून आवाहन असा जनजागृतीचा कार्यक्रम करावा का? आणि जाता जाता आणखी एक: अडीच वर्षांच्या एका मुलीला आजवर एकही लस मिळालेली नाही, आता देऊन उपयोग आहे का?

मुलीचं उत्तर अगदी शेवटी दिलं आहे. वेळ नसेल तर आधी तेच वाचा आणि तिला घेऊन निघा, बाकीचं थांबू शकतं.

आता कार्यक्रमाचं. पथनाट्य करूच नका असं मी म्हणणार नाही, पण निधी थोडा असेल तर त्याचा नंबर बराच खाली लागतो. पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये लसीकरणाचं काम करत आले आहे, त्यावरून सांगते: लस राहिलेल्या मुलांमध्ये ‘आम्हाला लस नकोच’ म्हणणाऱ्या घरांतली मुलं थोडी असतात. बहुतेकांनी दोन-तीन वेळा डोस घेतलेले असतात आणि मग मध्येच कुठेतरी सुटलेलं असतं. जी बाई दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना बाळाला घेऊन रांगेत उभी राहिली, तिला लसीचं महत्त्व ढोलकी वाजवून काय पटवायचं? चौथ्या वेळी तिला काय आडवं आलं, ते तिच्याजवळ बसून विचारायला हवं.

म्हणून पहिलं काम कार्डांचं. बालवाडीतली मुलं आणि त्यांची धाकटी भावंडं, सगळ्यांची माता-बाल संरक्षण कार्डं मागवा. ‘डोस झाले का’ असं तोंडी विचारू नका, कारण उत्तर ‘हो, सब हुआ’ असंच येतं. यात कुणी खोटं बोलत नसतं. पोलिओच्या रविवारी बूथवर जाऊन मुलाच्या तोंडात दोन थेंब टाकून घेतले, बोटाला शाई लागली, की कितीतरी आयांच्या लेखी डोस झाला. तो दर मोहिमेत मिळतो, मग राहिलं काय? पोलिओच्या मोहिमेने देशाला फार मोठी गोष्ट दिली, जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण नाही. पण लस म्हणजे घरी चालून येणारे थेंब, ही सवयही तिनेच लावली. सुईची लस घरी येत नाही, तिच्यासाठी लसीकरणाच्या सत्राच्या जागी जावं लागतं.

कार्डं आली की तीन गठ्ठे करा. पहिल्यात ज्यांना पेंटाचा, म्हणजे दीड महिन्यापासून मिळणाऱ्या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा, पहिला डोसच नाही ती मुलं. जन्मानंतर प्रसूतिगृहातच दिलेले बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओ आणि हिपॅटायटिस बी इथे धरू नका, त्यासाठी आईला वेगळं कुठे जावं लागलेलं नसतं. दुसऱ्यात पेंटा सुरू झाला पण नवव्या महिन्याचा गोवर-रुबेला नाही अशी. तिसऱ्यात गोवराचा पहिला आहे, पण सोळा ते चोवीस महिन्यांमधला दुसरा आणि त्यासोबतचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) बुस्टर नाही अशी. कोणता गठ्ठा जाड आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं.

समजा पन्नास कार्डं आहेत. सेहेचाळीस जणांना पेंटाचा पहिला मिळालाय, त्रेचाळीस जणांना तिसरा, पण गोवराचा पहिला फक्त तेहेतीस जणांना. म्हणजे लोक लसीपर्यंत पोचतात, विरोध नाही, विश्वासही बऱ्यापैकी आहे. गळती आहे ती नंतरची. दहा टक्क्यांच्या वर गळती गेली की आमच्याकडे धोक्याची खूण मानतात, इथे पेंटा एक ते गोवर एक ही गळती अठ्ठावीस टक्के झाली. याउलट पन्नासातल्या वीस जणांना पेंटाच मिळाला नसेल, तर ती मुलं कुणाच्या यादीतच नाहीत किंवा घरातून ठाम नकार आहे. तिथलं काम निराळं. दोन्ही ठिकाणी एकच पथनाट्य केलं तर टाळ्या मिळतील, कार्डं जिथल्या तिथे राहतील.

हे फक्त तुमच्या वस्तीचं आहे असंही नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी सगळ्या मूलभूत लसी मिळालेली मुलं महाराष्ट्रात ७३.५ टक्के होती आणि देशात ७६.४ टक्के. देशाच्या आकड्यात शहरं खेड्यांच्या किंचित मागेच होती. हॉस्पिटलं इतकी जवळ असूनही.

माझा अंदाज विचाराल तर तुमचा दुसरा गठ्ठा सगळ्यात जाड निघेल. साडेतीन महिन्यांपर्यंत लसी महिन्या-महिन्याने असतात, त्यामुळे लय टिकते. त्यानंतर थेट नववा महिना, मध्ये पाच-साडेपाच महिन्यांची पोकळी. याच काळात आई पुन्हा धुण्याभांड्याच्या कामांवर जायला लागते. याच काळात मे महिना येतो आणि घर कुलूप लावून गावी जातं, कुणी जालन्याला, कुणी बस्तीला, कुणी आजमगढला. परत येताना कार्ड गावीच राहतं. भाड्याच्या खोलीचे अकरा महिने भरतात आणि बिऱ्हाड शिवाजीनगरातून बैंगनवाडीत, नाहीतर थेट मुंब्र्याला जातं. जुन्या हेल्थ पोस्टच्या रजिस्टरमध्ये त्या बाळापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो, नव्या हेल्थ पोस्टला ते बाळ आलंय हेच माहीत नसतं. तोडक कारवाई झालेल्या वस्त्यांत तर अख्खी गल्लीच अशी दोन रजिस्टरांच्या मध्ये हरवते.

त्यात तापाची आठवण असते. पेंटामधल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळे बऱ्याच बाळांना एक-दोन दिवस ताप येतो, मांडीला सूज येते. हे अपेक्षितच आहे, पण ते आम्हाला ठाऊक. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं झोपलेली, बाळ रात्रभर किंचाळतंय, पलीकडचा शेजारी पत्र्यावर थाप मारतोय आणि नवऱ्याला सकाळी सहाला मजुरीसाठी नाक्यावर उभं राहायचंय. त्याने ‘सुई लगाया तो बच्चा बीमार हो गया, अब नहीं जाना’ म्हटलं तर त्यात अडाणीपणा कुठे आला? त्याने डोळ्यांनी पाहिलेलंच तो सांगतोय. आईला लस देण्याआधी, नंतर नव्हे, एवढं सांगितलेलं असावं: आज रात्री ताप येईल, वजनानुसार पॅरासिटामॉल इतकं द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा, सुईची जागा चोळू नका, आणि झटके आले, बाळ मलूल झालं किंवा ताप दोन दिवसांच्या वर गेला तर या नंबरवर फोन करा. हे नुसतं सांगायला दोन मिनिटं लागतात. गर्दीच्या सत्रात नेमकी तीच कापली जातात. तुमची एक कार्यकर्ती सत्राच्या दिवशी फक्त हे सांगायला बाहेरच्या बाकावर बसली, तर माझ्या मते पथनाट्याच्या दहा प्रयोगांपेक्षा ते मोलाचं काम आहे.

संध्याकाळी तिनेच एक फोन केला, ‘बाळ कसं आहे?’ म्हणून, तर फारच उत्तम. तापात जिची कुणी चौकशी केली ती बाई पुढच्या डोसला येते, असा माझा अनुभव आहे.

आता दोष नेहमी घरावर टाकतात, म्हणून टेबलाच्या अलीकडचंही सांगते. मंडळाच्या खोलीत सत्र चाललंय असं समजा. टेबलावर व्हॅक्सिन कॅरियर, आत चार आइस पॅक, बाजूला सुया तोडायचा हब कटर, पंखा बंद, दाराशी चपलांचा ढीग. गोवर-रुबेलाची लस पावडरच्या रूपात असते. एका वायलमध्ये, म्हणजे कुपीत, पाच किंवा दहा डोस. द्रावण मिसळून एकदा ती तयार केली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. पेंटा किंवा पीसीव्हीची (न्यूमोनियाच्या लसीची) उघडलेली वायल नियमाने सांभाळली तर २८ दिवसांपर्यंत वापरता येते, गोवराची आणि बीसीजीची नाही. बारा वाजत आलेत. गोवरासाठी एकच बाळ आलंय. सिस्टरला स्टॉकचं रजिस्टर दिसतंय, वाया गेलेल्या डोसांचा रकाना दिसतोय, मागच्या मीटिंगमधली बोलणी आठवतायत. ती म्हणते, ‘आज गोवर नाही, पुढच्या बुधवारी या.’ समोरची बाई दोन घरची कामं बुडवून आलेली आहे. पुढच्या बुधवारी ती पुन्हा बुडवेल का? एका बाळासाठीही वायल उघडायचीच, असं धोरण आहे. वाया जाणारे डोस मागणीत आधीच धरलेले असतात. पण टेबलावर बसलेल्या माणसाला धोरण लांबचं आणि रजिस्टर जवळचं असतं.

इथे तुम्ही भांडू नका, मदत करा. गोवराची सहा-सात बाळं एकाच दिवशी येतील अशी आधी फोन करून जमवाजमव केली, तर वायल उघडायची की नाही हा प्रश्नच उरत नाही. सिस्टर खूश, आया खूश.

परत पाठवायची दुसरी सवय सर्दीची. नाक वाहतंय, थोडा खोकला आहे, अंग किंचित कोमट आहे म्हणून लस पुढे ढकलतात. साध्या सर्दीत, थोड्याफार जुलाबात लस द्यायला काहीच हरकत नसते. खूप ताप असेल, बाळ खरोखर आजारी असेल तर गोष्ट वेगळी. धुरात आणि डम्पिंग ग्राउंडच्या हवेत वाढणाऱ्या देवनारच्या बाळाचं नाक कोरडं व्हायची वाट बघत बसलं तर ते लस न घेताच शाळेत जाईल. हा सल्ला बऱ्याचदा गल्लीतल्या क्लिनिकचे डॉक्टर देतात, ‘अभी सर्दी है, बाद में लगाना’. वस्तीत पहिला शब्द त्यांचा असतो. त्यांना वगळून काहीही होणार नाही. त्यांच्याकडे एकदा लसीकरणाचा तक्ता घेऊन जा, चहा प्या, आणि पेशंटच्या बाळाचं कार्ड विचारायची विनंती करा. तो चहा मशिदीच्या भोंग्यापेक्षा जास्त कामाला येईल.

वेळेचं म्हणाल तर सत्र सकाळी दहाला का असतं, याला सोयीपलीकडे कारण नाही. त्याच वेळेला कित्येक गल्ल्यांत पाणी येतं. नळाचं येवो की टँकरचं, त्या तासाभरात बाई घर सोडू शकत नाही, दिवसभराचं पाणी गेलं तर लसीचं पुण्य कोण विचारतो? तुमच्या भागात कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी येतं आणि शाळेची पहिली पाळी कधी सुटते, हे लिहून काढा आणि ते घेऊन हेल्थ पोस्टच्या मेडिकल ऑफिसरना भेटा. बालवाडीची खोली सत्रासाठी देऊ करा, दुपारी दोननंतर किंवा रविवारी एक सत्र मागा. जागा, माणसं आणि बाळांची यादी तुम्ही देत असाल तर सहसा नाही म्हणत नाहीत.

पहिल्या गठ्ठ्याची मुलं शोधायला मात्र पाय झिजवावे लागतात. कागदावर तुमच्या विभागाचं काम शंभर टक्क्यांच्या वरही दिसू शकतं, कारण उद्दिष्ट लोकसंख्येच्या अंदाजावरून काढतात आणि बाहेरची बाळंही तिथेच लस घेतात. शंभर टक्के झाले म्हणजे तुमच्या गल्लीतलं प्रत्येक बाळ झालं, असं नव्हे. सर्वेक्षण करणारी सेविका तळमजल्याच्या दारावर खडूने नंबर टाकत जाते. गल्लीत बाहेरून लोखंडी शिडी लावलेली असते, वर माळा, माळ्यावर भाडेकरू, भाडेकरूच्या घरी बाळ. खालची घरमालकीण ‘हमारे यहाँ छोटा बच्चा नहीं’ म्हणते, आणि तिच्यापुरतं ते खरंच असतं. शिड्या मोजा. त्याशिवाय नाल्याच्या कडेची झोपडी, पुलाखालची कुटुंबं, बांधकामाच्या साइटवरचे मजूर, जरीच्या कारखान्यात राहणारी जोडपी. ही घरं कुठल्याच सेविकेच्या हद्दीत धडपणे येत नाहीत. दोन हेल्थ पोस्टच्या हद्दी जिथे मिळतात तो रस्ता मुद्दाम चाला.

नाव-पत्ता विचारताना आधार कार्ड मागू नका. वस्तीत कागदपत्रांची भीती मोठी असते, कोण कशासाठी नावं लिहून नेतंय हे लोकांना कळत नाही, आणि न कळल्यावर दार लागतं. आधार नाही म्हणून बाळाला लस नाकारता येत नाही, यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) नोंद करायची असली तरी. आईचा मोबाइल नंबर आणि बाळाची जन्मतारीख एवढ्यावर तुमचं काम भागतं.

आता खऱ्या नकाराबद्दल. तो आहे, आणि थोडा असला तरी एका जागी साचतो, ही अडचण आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली, ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी, शाळाशाळांमधून. तेव्हा ‘या लसीने पुढे मूल होत नाही’ असे मेसेज व्हॉट्सअपवर फिरले. त्यावर कोविडची दोन वर्षं आली, नेहमीची सत्रं विस्कटली. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये गोवंडीत गोवर फुटला, मुलं दगावली. गोवर हा फार पसरणारा आजार, एका रुग्णापासून प्रतिकारशक्ती नसलेल्या बारा ते अठरा जणांना होऊ शकतो, म्हणून तो रोखायला दोन्ही डोस ९५ टक्के मुलांना मिळावे लागतात. वॉर्डाची सरासरी नव्वद असली आणि एखाद्या गल्लीत निम्मीच मुलं झालेली असली, तर विषाणू ती गल्ली बरोबर शोधतो. कुपोषण आणि एका खोलीतली दाटी त्याला साथ देते.

नकार देणाऱ्या घरी मौलानांना न्यावं का? न्यावं, त्यांचा शब्द मोठा असतो आणि २०२२ मध्ये त्यांची मदत झालीही. पण सगळ्यात आधी नव्हे. मुसलमान वस्ती म्हणजे धर्माचा विरोध, असं गृहीत धरून गेलात तर ज्या घराची अडचण पाण्याच्या वेळेची आहे तेही दुखावतं. आधी एकटी कार्यकर्ती जाऊन ऐकून येऊ दे. दहातल्या सात-आठ नकारांमागे काहीतरी घडलेलं निघतं: थोरल्या मुलाला सुईच्या जागी गळू झालं आणि कुणी फिरकलं नाही, रांगेत कुणी वसकन ओरडलं, नवव्या महिन्याला एका बैठकीत तीन सुया बघून आजी घाबरली. गळू झालेल्या घरी त्याच गल्लीतली, जिच्या बाळाला सगळे डोस झालेत अशी शेजारीण पाठवा. धर्मगुरू लागतात ते अफवेच्या घरांसाठी, आणि अशी दोन-चारच निघतील.

२०२२ च्या साथीची एक शेपूट तुमच्या कार्डांवर सापडेल. तेव्हा साथीच्या भागात ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना एक जादा डोस दिला गेला, आणि काही ठिकाणी सहा महिन्यांपासूनच्या बाळांनाही. हे डोस नेहमीच्या दोनात धरायचे नसतात. कार्डावर त्यांना दुसरा डोस समजून ‘पूर्ण’ लिहिलेलं दिसलं, तर तारीख आणि वय ताडून बघा.

निधीचं म्हणाल तर एका कार्यकर्तीचं अर्धवेळ मानधन, फोनचं रिचार्ज आणि कार्ड ठेवायला प्लास्टिकची पाकिटं, एवढ्यात बरंच होतं. प्रत्येक कार्डाचा फोटो आईच्या आणि तुमच्या मोबाइलमध्ये राहू द्या, म्हणजे कार्ड गावी राहिलं तरी डोस हरवत नाहीत. कामाला हात मार्चमध्ये घाला. एप्रिलअखेर गाड्या भरायच्या आत ज्यांचे डोस देय आहेत ते उरकून घ्या. जे गावी जातील त्यांना सांगा की कार्ड दाखवून तिथल्या उपकेंद्रात लस मिळते. आणि डोस चुकला म्हणून कधीही पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, जिथे थांबलं तिथून पुढे, दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवून. हे बऱ्याच आयांना माहीत नसतं. उशीर झाला म्हणून सिस्टर रागावेल, या भीतीने त्या आणखी उशीर करतात.

आता ती अडीच वर्षांची मुलगी. उपयोग आहे, भरपूर आहे. बीसीजी, रोटा (जुलाबावरची लस), पीसीव्ही आणि पेंटा यांचं वय सरकारी वेळापत्रकात तिच्या हातून गेलं, ते सुरू करायला एक वर्षाची मर्यादा आहे. पण पेंटाऐवजी डीपीटी सात वर्षांपर्यंत देता येते: चार-चार आठवड्यांनी तीन डोस, आणि मग सहा महिन्यांनी बुस्टर. पोलिओचे थेंब पाच वर्षांपर्यंत. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत, चार आठवड्यांच्या अंतराने दोन. अ जीवनसत्त्वाचा डोसही. पहिल्याच दिवशी डीपीटी, थेंब आणि गोवर-रुबेला एकत्र देता येतात, त्यासाठी तीन खेपा मारायला लावू नका. कुणी ‘अब बड़ी हो गई’ म्हणून परत पाठवू लागलं तर मेडिकल ऑफिसरना भेटायचं आहे असं सांगा. नवं कार्ड बनवून घ्या, आणि निघण्यापूर्वी चार आठवड्यांनंतरची तारीख त्यावर पेनाने लिहून घ्या, वारासकट.